काकांना ताण देताना

डॉक्टरेट झाल्यावरही मी शिकतेच आहे, हे यवतमाळला घरी कुणाला पटत नाही. काय शिकते हे सांगावं तर आणखी पंचाईत. पुण्यातल्या एका संस्थेत मी मनाच्या दुखण्याच्या शरीरात उमटणाऱ्या खुणा शोधते. माणूस "माझं छान चाललंय" म्हणतो तेव्हा त्याचं हृदय काय म्हणतं, लाळेत ताणाचं संप्रेरक किती उतरतं, हे मोजायचं. आमच्या अभ्यासात सगळे निवृत्त, एकटे राहणारे लोक होते. आणि ताण मोजायचा तर आधी तो द्यावा लागतो. आईला हे फोनवर समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे म्हाताऱ्या मानसायले भेव दाखवाची नोकरी हाय का वं तुही?"

मी चिडले, पण खोडून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ताण देण्याची रीत परदेशातून आलेली, जगभर चालणारी. माणसाच्या छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधायचा. आधी त्याला एका रिकाम्या खोलीत वीस मिनिटं नुसतं बसवायचं, म्हणजे शांत असताना त्याची नाडी किती, ते कळतं. मग दुसऱ्या खोलीत पांढरे कोट घातलेल्या दोन परीक्षकांसमोर उभं करायचं. तिथे त्याने नोकरीच्या मुलाखतीसारखं भाषण करायचं, मग एका मोठ्या आकड्यातून तेरा-तेरा वजा करत उलटं मोजायचं. परीक्षकांनी हसायचं नाही, मान हलवायची नाही, नुसतं रोखून बघायचं. या बघण्याने भल्याभल्यांची गाळण उडते, असं सगळीकडे लिहिलेलं आहे.

लिहिणारे पुण्यात राहिलेले नसावेत. अनोळखी माणसाने न हसता रोखून बघणं याने इथल्या माणसाला ताण येत असता, तर दुकानातून पाव किलो फरसाण आणेपर्यंत निम्मं शहर आजारी पडलं असतं.

पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. तेव्हा मी पार टेकीला आले होते. माझी फेलोशिप मार्चअखेर संपत होती. समितीसमोर निकाल मांडायचे, त्यात ताण चढलेला दिसला तर मुदत वाढणार, नाही तर गाशा गुंडाळून यवतमाळ. तिथे आई एका स्थळाचा फोटो मोबाईलमध्ये जपून बसली होती.

पहिलेच आले ते काका. गणिताचे निवृत्त शिक्षक. अख्खं आयुष्य पेठेत काढून म्हातारपणी शहराच्या कडेला धायरीतल्या फ्लॅटवर राहायला आलेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. लाळेसाठी मी नळी पुढे केली तर त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

"यात थुंकायचं?"

"हो काका."

"सार्वजनिक इमारतीत थुंकू नये, हे मी मुलांना जन्मभर सांगत आलो. तुम्ही लेखी बोलावून थुंकायला लावताय. असो, विज्ञानाची प्रगती आहे."

वीस मिनिटं बसवून मग त्यांना परीक्षकांपुढे आणलं. परीक्षक म्हणजे मी आणि आमच्या लॅबमधला पीएचडी करणारा ज्युनिअर. पट्टे नीट चालतात का बघायला त्या दिवशी त्यानेही एक बांधला होता.

"या नोकरीसाठी तुम्हीच योग्य का, ते सांगा," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले.

"कोणती नोकरी?"

आम्हाला उत्तर द्यायची मुभा नव्हती. आम्ही बघत राहिलो.

"पगार?"

आम्ही बघत राहिलो.

"कुणी काही सांगत नाही, म्हणजे सरकारी दिसतेय," काका म्हणाले आणि त्यांनी सुरुवात केली. काय बोलले म्हणता! शाळा तपासणीला आलेले साहेब, तीन वेळा बदललेला अभ्यासक्रम, नापास मुलांना पास करण्याच्या युक्त्या. पाच मिनिटांनी ते श्वास घ्यायला थांबले. माणूस थांबला की परीक्षकाने थंडपणे म्हणायचं, "तुमच्याकडे अजून वेळ आहे." या वाक्याने म्हणे समोरचा कोसळतो.

काकांचा चेहरा उजळला. "वा. असं हल्ली कोण म्हणतं आम्हाला?" म्हणाले आणि पुन्हा सुरू झाले.

वजाबाकी तर त्यांनी एका दमात खाली आणली. मग चष्मा सरळ करून ज्युनिअरकडे वळले. "आता तुम्ही. एकोणतीस सत्ते?"

ज्युनिअरचा हात खिशाकडे गेला.

"मोबाईल राहू दे."

संध्याकाळी आलेख काढले. पुस्तकात छापावा असा ताणाचा आलेख आला होता, भराभर चढलेला, घाम फुटल्याचा. तो ज्युनिअरचा होता. काकांची नाडी भाषणात खाली आली होती.

"मॅम, फुल एम्बॅरसिंग आहे हे," ज्युनिअर म्हणाला. "त्यांनी माझंच स्ट्रेस टेस्टिंग केलं."

एखाद्या माणसाचं असं व्हायचंच, म्हणून आम्ही पुढे गेलो. मग बँकेतून निवृत्त झालेल्या आजी आल्या. माझ्या कोटाचं बटण तुटलंय हे सांगून त्यांनी वजाबाकीला सुरुवात केली. एका निवृत्त अभियंत्यांनी आमच्या पद्धतीतल्या चुका क्रमाने सांगितल्या. कुणाचीच नाडी चढेना. मी तेराऐवजी सतरा वजा करायला सांगितलं, मध्येच तोडून "चूक, पुन्हा पहिल्यापासून" म्हटलं. अभियंते म्हणाले, "चूक नाही. तुमचं उत्तर तपासा." तपासलं. ते बरोबर होते.

आमचे सर, म्हणजे लॅबचे प्रमुख, आलेखांवर नजर टाकून म्हणाले, "ही म्हातारी मंडळी बाद करा. कॉलेजची मुलं घ्या, ती लगेच घाबरतात." तेवढ्या दिवसांत कुठून आणायची मुलं? त्या दिवशी स्वारगेटला मी दोन बस सोडून दिल्या आणि नुसती उभी राहिले. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. बॅगा भरायच्या का, एवढाच विचार डोक्यात होता.

दोन दिवसांनी काका लॅबच्या दारात हजर. शर्ट दुसरा, इस्त्री तीच.

"पुन्हा घेणार आहात का परीक्षा? या वेळी अपूर्णांकांवर बोलीन म्हणतो."

"काका, एका माणसाची चाचणी दोनदा घेता येत नाही. दुसऱ्यांदा ताण येत नाही."

"पहिल्यांदा तरी कुठे आला होता?" ते म्हणाले आणि घोटाळले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "घेतलीत तर एक करा. आधी त्या खोलीत बसवू नका. समोर भिंत, बोलायला कुणी नाही, वेळ जाता जात नाही. ही गेल्यापासून घरी दिवसभर तेच करतो. तेच करायला दोन बस बदलून कशाला यायचं?"

ते गेल्यावर मी त्यांचा आलेख पुन्हा उघडला. इतके दिवस आम्ही सगळे भाषणाचाच भाग बघत होतो. त्या वीस मिनिटांच्या विश्रांतीत काकांची नाडी सारखी चढत गेली होती. आजींची तशीच. अभियंत्यांची तशीच. आम्ही ज्याला ताण म्हणत होतो त्यात या माणसांना बरं वाटत होतं, आणि ज्याला विश्रांती म्हणत होतो त्यात त्यांचा जीव टांगणीला लागत होता.

समितीपुढे मी तेच मांडलं. सर शेजारी कपाळाला हात लावून बसले होते. मी एकच आलेख दोनदा दाखवला, आणि समितीतलं एकही माणूस हसत नव्हतं की मान हलवत नव्हतं, सगळे रोखून बघत होते. ही परदेशी रीत किती परिणामकारक आहे, ते मला तेव्हा पटलं. शेवटी कडेला बसलेल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "ही माणसं घरी असताना मोजलंत का?" नव्हतं मोजलं. "मग मोजा," त्या म्हणाल्या. मला मुदत मिळाली. आईने "बरं" म्हटलं, फोटो मात्र मोबाईलमधून काढला नाही.

घरी मोजायची सुरुवात काकांपासूनच केली. मीही धायरीतच राहते, चालत गेले. काकांनी पट्टा बांधला, मला समोरच्या खुर्चीत बसवलं, "हसायचं नाही हं," म्हणून बजावलं आणि अपूर्णांकांवर बोलायला लागले. मी हसले नाही, फार जड गेलं. माझ्या मोबाईलवर त्यांची नाडी दिसत होती, हळूहळू उतरत सपाट झालेली.

तासाभराने मी उठले. माझं काम खरं तर पहिल्या पाच मिनिटांतच झालं होतं; पट्टा सुरू करून द्यायचा आणि त्यांना एकटं सोडून निघायचं, एवढंच. काका दारापर्यंत आले, छातीवरचा पट्टा शर्टावरून चाचपला आणि म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही निघा. आता विश्रांती सुरू करतो."

मी पायात सरकवलेली चप्पल काढली, परत आत जाऊन बसले आणि म्हणाले, "तुमच्याकडे अजून वेळ आहे."

त्या दिवसाची नोंद सरांनी बाद केली. संशोधकाच्या हजेरीमुळे ती बिघडली होती, असं कारण त्यांनी लिहिलं, आणि ते अगदी बरोबर होतं.