करडा पट्टा

जुन्या बाजारात एक रॉकची रेकॉर्ड हाती लागली आणि सवयीनं मला आधी संशयच आला. कव्हरवरचा फोटो जरा धूसर वाटला. नकली कव्हर छापतात ते फोटोचा फोटो काढूनच. मी रेकॉर्ड उन्हात तिरकी धरली. लेबलाजवळच्या गुळगुळीत भागावर हातानं कोरलेली बारीक अक्षरं होती. अस्सल मालाची खूण. तरी मन मानेना.

"साहेब, एक्स-रे काढताय काय?" दुकानदार वैतागला.

तेवढ्यात दिसलं, की बाकी रेकॉर्ड काळीभोर, पण एकाच गाण्यावर करडा पट्टा उमटलाय. कुणीतरी सुई उचलून उचलून तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. असलं काही नकलीवाल्याला सुचायचं नाही. मी ती घेतली.

घरी येऊन कपाट उघडलं. माझ्या सगळ्या रेकॉर्डी पारखून घेतलेल्या, प्लास्टिकमध्ये जपलेल्या, ओरखडा म्हणून नाही; सुईसुद्धा क्वचितच लागलेली. माझ्यामागे त्या बाजारात जातील, तेव्हा माझ्यासारखाच कुणी एखादी उन्हात धरील आणि "इतकी कोरी? नकली असणार," म्हणत खाली ठेवील.

रेकॉर्डच्या बाबतीत तो चुकेल. माझ्या बाबतीत नाही.