केसकाकांची सातवी नस

धांदलने केसकाकांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी तिला एका मिनिटात सतरा वेळा डोळा मारला. तिने मोजलं होतं. परीक्षेच्या हॉलबाहेर दोन बाकं समोरासमोर होती. एकावर ती, दुसऱ्यावर पांढरा शर्ट घातलेला, केसांना तेल चोपडलेला हा साठीचा गृहस्थ. तोंड उजवीकडे वाकडं करून तो छद्मी हसत होता आणि उजवा डोळा असा मिचकावत होता, की आणखी दोन मिनिटं गेली असती तर धांदलने पोलीस, सैन्य आणि स्वतःची आत्या या तिघांनाही बोलावलं असतं. त्यांतल्या त्यात आत्या जास्त धोकादायक. पण जवळ होती फक्त सिस्टर.

"सिस्टर, तो माणूस मला डोळा मारतोय!"

"मारत नाहीये गं. त्याला एकच मिटता येतो. दुसरा उघडाच राहतो. चेहरा हलवणारी सातवी नस शिकवली तेव्हा कुठे होतीस तू?"

धांदल तेव्हा वर्गातच होती, पण वही उलटी धरून. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलीचं हॉस्टेलमधलं नावच धांदल होतं. दोन पायांत दोन जातीच्या चपला घालून ती वॉर्डात यायची. अभ्यास चोख, पण घाबरली की डावं-उजवं कळायचं नाही. घड्याळ डाव्या हाताला, एवढी एकच खूण तिच्यापाशी होती. त्या दिवशी तिच्या वाट्याला दुसराच रोगी आला आणि तिने त्याच्या डाव्या डोळ्याचा आजार उजव्याला लावला. नापास. दुसऱ्यांदा. कॉलेजच्या नियमाप्रमाणे आता एकच संधी उरली होती. ती हुकली की डॉक्टरकी संपली.

आठवड्याने ती माफी मागायला केसकाकांच्या दुकानात गेली. काका न्हावी होते. गावासाठी ते केस कापणारे म्हणून केसकाका, इस्पितळासाठी परीक्षेत विद्यार्थ्यांनी तपासायची ठरलेली केस म्हणून केसकाका. एका नावावर दोन धंदे चालवणारा दुसरा माणूस त्या गावात नव्हता. चोवीस वर्षांपूर्वी एका सकाळी चहा पिताना घोट डाव्या कोपऱ्यातून थेट शर्टावर आला. काकूंना वाटलं, नवऱ्याला चहा आवडला नाही. दुपारी काकांना शिट्टी वाजवता येईना, तेव्हा मात्र काकू घाबरल्या. अशी लुळी पडलेली नस बहुतेकांची दोन-चार महिन्यांत ताळ्यावर येते. काकांची आली नाही. तेव्हापासून दर परीक्षेला इस्पितळातून बोलावणं यायचं आणि काका लग्नाला निघाल्यासारखे तयार होऊन जायचे.

"अर्धं हसू इस्पितळाला दिलंय यांनी," काकू आतून म्हणाल्या. "उरलेलं अर्धं गिऱ्हाइकांना. मला काय, तर उघडा डोळा. झोपेतसुद्धा पाळत!"

"माफी कशाला गं?" काका धांदलला म्हणाले. "माझ्या डोळ्यामुळे तीन जणींनी चप्पल काढलीय. तू तर नुसती सिस्टरला हाक मारलीस. पण नापास का झालीस?"

तिने सांगितलं. काका खो खो हसले, अर्थात उजव्या बाजूने.

"समोर उभं राहिलं की घोटाळा होणारच. माझा डावा हात तो तुझ्या उजव्या हाताला. आम्ही न्हावी असले उद्योग करत नाही. मागे उभे राहतो आणि आरशात बघतो. गिऱ्हाइकाचं डावं तेच आपलं डावं. चाळीस वर्षांत एकाचाही कल्ला चुकला नाही. ये इकडे."

आणि शिकवणी सुरू झाली. मेंदूतून बाहेर पडणाऱ्या नसांच्या बारा जोड्या तपासायला जे जे लागतं, ते सगळं सलूनमध्ये रोज घडतच होतं, हे पाहून धांदल थक्क झाली. साबणाचा वास आला का? पहिली. कंगव्यावर नजर ठेवा, मान न हलवता. तिसरी, चौथी, सहावी. कंगवा बाहेरच्या बाजूला नेल्यावर एखाद्याचा डोळा मध्येच थांबला, तर सहावी दुखावलेली. पापणी गळून बाहुली मोठी झालेली दिसली, तर तिसरी. दात आवळा. पाचवी. गाल फुगवा. सातवी, हे तर काका प्रत्येक दाढीला म्हणायचेच. खांदे उचला, मान वळवा. अकरावी. जीभ बाहेर काढा. इथे मात्र एक गिऱ्हाईक भडकलं.

"दाढी करायची तर जीभ कशाला?"

"बारावी आहे," काका शांतपणे म्हणाले. "फुकट आहे, काढा."

चोवीस वर्षं परीक्षा ऐकून काकांना सगळं पाठ झालं होतं; तोंड आणि जीभ यांतला फरकही त्यांनीच तिच्या डोक्यात बसवला. "तोंड म्हणजे पक्का संधिसाधू. एक बाजू दुबळी झाली की जोर असलेल्या बाजूला पळतं. जीभ बिचारी साधी. दुबळ्या बाजूकडेच झुकते."

स्वतःच्या आजाराचं नाव मात्र त्यांनी तोंडातून काढलं नाही. चोवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला आपण उत्तर सांगितलं नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता. "बघायला शिकवीन. काय दिसलं ते तू सांग."

दोन महिने धांदल काकांना खुर्चीत बसवून मागे उभी राहायची आणि आरशात बघायची. घड्याळाच्या बाजूचा काकांचा डोळा मिटत नाही, घड्याळाच्या बाजूची भुवई उचलली जात नाही. घड्याळाची बाजू म्हणजे डावी. स्वप्नातही चुकणार नाही, इतकं पक्कं झालं.

परीक्षेला तिने चिठ्ठी उचलली. केस नंबर चार. पडद्याआड खुर्चीवर पांढरा शर्ट घालून केसकाका! धांदलला आनंदाने ओरडावंसं वाटलं. ती समोर जाऊन उभी राहिली. न मिटणारा डोळा घड्याळाच्या बाजूला नव्हता. तो पलीकडे गेला होता. काकांचा आजार दोन महिने एका बाजूला राहून ऐन परीक्षेत दुसऱ्या बाजूला कसा गेला? आरसा नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानातच येईना.

परीक्षक होते हातोडा सर. गुडघ्यावर ठोकायची छोटी हातोडी ते खिशात नव्हे, हातातच ठेवायचे आणि उत्तर चुकलं की टेबलावर मारायचे.

"हं. कुठली बाजू?"

"उज..." धांदल म्हणाली आणि थांबली. हातोडी वर गेली. काकांची पापणी लवली, अर्थात एकच.

"काका! खुणा करताय?" सर ओरडले.

"साहेब, ही खूण नाही. हाच आजार आहे. चोवीस वर्षं तुम्हीच बोलावताय."

सरांची हातोडी तशीच अधांतरी राहिली. तेवढ्यात धांदल तरातरा चालत खुर्चीच्या मागे गेली आणि तिने काकांच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले. सवयीने काकांनी मान खाली घातली.

"हे काय? केस कापतेस?"

"अकरावी नस, सर. खांदे उचला, काका." खांदे छान उचलले गेले. तिच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ काकांच्या डाव्या खांद्यावर टिकटिकत होतं. "आता डोळे मिटा." त्याच बाजूने वाकून तिने पाहिलं, तर तोच डोळा उघडा. "डावी सातवी, सर."

"तोंड तर उजवीकडे ओढलंय."

"जोर असेल तीच बाजू ओढणार ना, सर? तोंड संधिसाधू असतं."

"काय असतं?"

"म्हणजे... उजवे स्नायू शाबूत आहेत, सर."

"मग मेंदूत रक्ताची गाठ अडकून झालेला अर्धांगवायू का नाही?"

"कपाळ, सर. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून तारा येतात. मेंदूत बिघाड असता तर डावी भुवई उचलता आली असती. काका, वर बघा. बघा सर, डाव्या बाजूला एकही आठी नाही. बिघाड नसेतच आहे."

हातोडा सरांनी काकांच्या अर्ध्या गुळगुळीत कपाळाकडे पाहिलं आणि हातोडी खाली आणली. "उत्तर बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "पण रोग्याला असं पाठीमागून तपासायला कोणी शिकवलं?"

धांदलने काकांच्या खांद्यांवरचे हात काढले. काकांची पापणी लवली.

पास व्हायला पन्नास गुण लागत होते. धांदलला पन्नास मिळाले. पुढच्या परीक्षेपासून केसकाकांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवतात.