काकांचं ‘नुसतं तपास’

आमच्या घरात एक म्हैस होती, जमीन नव्हती. वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे, आई खुरपायला जायची आणि येताना डोक्यावर गवताचा भारा आणायची. त्या म्हशीच्या दुधावर मी शेवगावात कॉलेज केलं आणि घरातली पहिली पदवीधर झाले. त्यात लपवायचं काय? पण पदवीला नोकरीत उभं केलं ते दूध संघाच्या कॉम्प्युटर खोलीतल्या काकांनी. अख्ख्या नगर जिल्ह्यात त्यांच्याइतका भित्रा माणूस झाला नसेल, आणि म्हणूनच त्यांच्याइतकी गाढ झोपही कुणाला लागत नसेल.

संघाचं काम जुन्या प्रणालीवर चालायचं. तिच्यात एक डेटा डिक्शनरी होती, म्हणजे कुठली माहिती किती जागेत बसवायची याच्या व्याख्या: सभासदाचं नाव एवढं, गाव एवढं, मग लिटर, मग फॅट. व्याख्या बदलली की ती पुन्हा कंपाईल करायची, म्हणजे यंत्राच्या भाषेत बांधून घ्यायची. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि पुढे आडवी रेघ देऊन एक अक्षर. ‘सी’ म्हणजे नुसतं तपास, हात लावू नकोस. ‘ए’ म्हणजे ही व्याख्या वापरणारं सगळं नव्याने बांध. आणि ‘एफ’ म्हणजे कुणी काम करत असलं तरी रेटून ने. या एफचं नाव काका घेत नसत. “ते तिसरं” म्हणायचे, तेही आवाज खाली करून.

‘सी’ मात्र त्यांच्या अंगात मुरला होता. घोडेगावच्या बाजारात ते वर्षभर म्हैस ‘बघायला’ जात होते. दात बघायचे, कास चाचपायचे आणि भेळ खाऊन परत. शेवटी एका व्यापाऱ्याने हात जोडले, “काका, आता म्हसच तुमाला वळखाया लागली, न्या की!” लेकीचं स्थळ पाहायला तिसऱ्यांदा गेले तेव्हा मुलाची आई म्हणाली, “भाऊ, मुलगा बघताय की आमचे पोहे?”

ही भीती काही उगीच नव्हती. तरुणपणी एकदा त्यांनी गावाची जागा वाढवली आणि ‘ए’ द्यायला विसरले. व्याख्या नवी, पावतीचा प्रोग्रॅम जुना. सगळे आकडे सरकले, फॅटच्या जागी भलताच मोठा आकडा छापला गेला. एक म्हातारबा पावती नाचवत संघात आले, “आरं, माझी म्हस थेट तूपच द्याया लागली का काय!” काका ही गोष्ट सांगताना आजही घामाघूम होतील.

माझं दुखणं वेगळं होतं. नावाची जागा पूर्वी कुणीतरी आखूडच ठेवली होती. आईच्या पावतीवर रोज ‘सुभद्राबाई भागाजी साळ’ एवढंच यायचं. आईला सही करता येते, त्यामुळे तिला ते दिसायचं. “माझ्या नावाचं शेपूट कोन कापतंय गं? तू तितंच बसती ना?” मी काकांच्या मागे लागायचे. ते म्हणायचे, “पुढच्या वर्षी बघू.” मी कंत्राटावर, पावत्या बिघडल्या तर पहिली मीच घरी बसले असते.

निवृत्तीच्या आठवड्यात मात्र काका स्वतःच खुर्चीवरून उठले.

“बस इथे. नावाची जागा वाढव.”

“आत्ता?”

“मी आहे तोवर कर. चुकलं तर माझ्या नावावर जाईल. मी गेल्यावर चुकलं, तर तुला घालवतील.”

मी व्याख्येत नावाची जागा वाढवली आणि ‘सी’ दिला. स्वच्छ. “परत दे.” परत दिला. संध्याकाळचं दूध यायच्या आधी सगळ्यांना प्रणालीतून बाहेर पडायला सांगितलं आणि ‘ए’ दिला. ओळी सरकत होत्या आणि काका पडद्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते.

“काय म्हणतंय?”

“झालं, काका.”

“झालं म्हणजे?”

“एकही चूक नाही.”

तेव्हा कुठे वळले.

आता ते नाशिकला लेकीकडे असतात. ऐकू येणं जवळजवळ बंदच झालंय. मी फोन करते, ते आपलंच सांगत राहतात, माझं तिथवर पोचत नाही. इथे नवी पोरं दोन टिचक्यांत काम उरकतात आणि कसलीच काळजी करत नाहीत. माझ्यासाठी पुन्हा कुणीतरी घाबरावं, असं फार वाटतं.

मी आता संघात कायम आहे. आणि माझी आई पावतीवरसुद्धा सुभद्राबाई भागाजी साळवे आहे.