रोजच्या वापराचं अत्तर

मुरुम गावच्या बाजारात एक खणवाला बसायचा. निजामाचं राज्य होतं आणि मी तिथं नवी सून होते. त्याचं नाव आम्ही बायकांनी कधी विचारलं नाही. खणांची घडीवर घडी नीट बसेपर्यंत तो गिऱ्हाइकाकडं मान वर करून बघत नसे.

एका वर्षी त्यानं खणांशेजारी हैदराबादेहून आणलेल्या अत्तराच्या कुप्या मांडल्या. बाईमाणसाच्या हाताला हात नको, म्हणून कापड मोजायच्या गजाच्या टोकाला कापसाचा फाया लावून तो लांबूनच वास द्यायचा.

"लग्नाकार्याचं न्हाय हे, अक्का. रोज लावायचं. शेणगोठा करतानाबी."

आम्ही सगळ्यांनी घेतलं आणि लग्नाकार्यासाठी पेटीत ठेवलं. तेव्हा विधवेनं अत्तर लावायचं नसे. तरी माझ्या विधवा आतेसासूबाईंनी एक कुपी घेतली, देवाला म्हणून.

तीन महिन्यांनी त्यानं विचारलं, "कुणाचं संपलं?"

फक्त आतेसासूबाईंनी रिकामी कुपी पुढं केली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. खणवाल्यानं कुपी भरली, बूच घट्ट बसवलं आणि खणाचा भाव सांगावा तशा सुरात म्हणाला, "एवढ्या जणींत एकीनंच ऐकलं."

आतेसासूबाईंनी कुपी कनवटीला खोचली आणि चालू लागल्या.

घरी आल्यावर मी देव्हाऱ्यापाशी जाऊन वास घेतला. नुसता तेलवातीचा होता. मग पेटी उघडली आणि माझी कुपी बाहेर काढली.