लाल कासव

पुण्याच्या एका प्रकाशकाच्या पहिल्या आवृत्त्या मी गोळा करतो. प्रकाशन केव्हाच बंद पडलं, पण त्याची पुस्तकं आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या फडताळांतून आणि पेट्यांतून अजून निघतात. बायको या संग्रहाला रद्दी म्हणते. मी ते ऐकू न आल्यासारखं करतो.

या प्रकाशकाची पहिली आवृत्ती ओळखणं सोपं आहे. पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर त्याची खूण असते, एक कासव. पहिल्या आवृत्तीत ते लाल शाईत छापलेलं असे. दुसऱ्या रंगाचा खर्च जास्त, म्हणून पुस्तक पुन्हा छापायची वेळ आली की कासव काळं होई. ही माहिती मी लग्नांच्या पंगतीत, एसटीत, एकदा तर चक्क दहाव्याला सांगितली आहे. बुलढाण्याच्या एका प्राध्यापकांनी मोठ्या अभिमानानं दाखवलेलं पुस्तक मी उघडलं आणि चारचौघांत “काळं आहे” म्हणालो. तेव्हापासून ते मला ओळख देत नाहीत. काय करणार? बाकी सगळीकडे मी गरजेपुरतं खोटं बोलतो, पण आवृत्तीच्या बाबतीत जीभ वळत नाही.

माझे सासरे नांदुऱ्याचे. तरुणपणी त्यांनी कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांवर एक कादंबरी लिहिली आणि ती याच प्रकाशकानं काढली. सोयरीक जुळवणाऱ्यांनी मुलीची उंची सांगायच्या आधी, तिच्या वडिलांच्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या निघाल्याचं आम्हाला सांगितलं होतं. कादंबरी अप्रतिम आहे असं मी बघण्याच्या कार्यक्रमातच बोलून बसलो, त्यामुळे पुढे ती वाचायची सोय राहिली नाही. त्यांच्या घरी शोकेसमध्ये काचेआड एक प्रत उभी असे. तिच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘दुसरी आवृत्ती’. दुसऱ्या आवृत्तीला मी हात लावत नाही. तेवढा माज माझ्यात आहे.

यंदा नांदुऱ्याच्या वाचनालयानं सासऱ्यांचा सत्कार ठरवला. त्यांचा फोन आला.

“जवाईबापू, टेबलावर दोन्ही आवृत्त्या ठेवाच्या हायेत. दुसरी हाये मापाशी. पहिली तुमी आना. सारे पाह्यतीन.”

ते नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठले होते. आवाज बारीक झाला होता, पण त्यात शाळेच्या गॅदरिंगला निघालेल्या पोराची घाई होती. मला भरून आलं. पहिल्या आवृत्तीच्या प्रती त्यांनी कोणाकोणाच्या लग्नात आहेर म्हणून वाटून टाकल्या होत्या. घेणाऱ्यांनी त्यांचं काय केलं, हे मला घरोघर फिरून कळलं. एकीच्या माळ्यावर ती उंदरांनी संपवली होती, एकीच्या घरी शिलाई मशीनच्या पायाखाली ती इतकी वर्षं इमानानं उभी होती.

शेवटी धाड गावच्या बाजारात सासऱ्यांचे जुने दोस्त भेटले. त्यांचं किराण्याचं दुकान. त्यांनी गल्ल्यामागच्या कपाटातून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. कव्हराआड मूळ मुखपृष्ठ कोरं करकरीत.

“चाचा, वाचलं की नाही?”

“दोस्तीची निशानी हाय जवाईसाब. वाचून खराब कायले कराची?”

सत्काराच्या सकाळी मी नांदुऱ्याला पोचलो. बाहेरच्या खोलीतला दिवाण जावयाचा. तो जमिनीसारखा कडक आहे आणि कधीच कोणी हलवत नाही. आत जुन्या गोधड्या आहेत म्हणतात. त्यावर बसून मी धाडची प्रत उघडली. लाल कासव. मग सहज, नुसतं शेजारी धरून बघावं म्हणून, शोकेसमधली दुसरी आवृत्ती उघडली.

लाल कासव!

मी चष्मा पुसला. पानं ताडून पाहिली. जिथे एकीत ओळ तिरकी, तिथेच दुसरीतही तिरकी. दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ तर सरसानं नव्हे, घरगुती खळीनं चिकटवलेलं, कडेला झुरळांनी कुरतडलेलं. पुस्तक दुसऱ्यांदा छापलंच नव्हतं. न खपलेल्या प्रतींना नुसतं नवं कव्हर घातलं होतं.

पलीकडे सासरे नवं धोतर नेसत होते. सासूबाई त्यांची टोपी झटकत होत्या. मला प्रकाशकाचा भयंकर राग आला. म्हाताऱ्याला आयुष्यभर फसवलं, आणि आता ते मी उघडं पाडायचं?

वाचनालयात खुर्च्या भरल्या होत्या. अध्यक्षांनी दोन्ही प्रती उंचावल्या आणि म्हणाले, “आमचे जावईबुवा यातले जाणकार. पहिली कशी ओळखायची, ते त्यांनीच सांगावं.”

मी उठलो. पहिल्या रांगेत सासरे मान ताठ करून बसले होते. मी म्हणालो, “सोपं आहे. मुखपृष्ठ बघायचं.” आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या. आयुष्यात एवढं अडाणी वाक्य मी बोललो नव्हतो.

घरी आल्यावर चहाचा कप तोंडाला लावला, तोच सासरे म्हणाले, “कासवाचं काऊन नाही सांगतलं? माह्या पोरीच्या लग्नापासून आयकून राह्यलो ना मी ते.”

मी कप बशीत ठेवला.

“विकलं नाही पुस्तक. प्रकाशकायनं गठ्ठे पाठवले रेल्वेनं, टेशनवरून मीच आनले. कव्हरं वेगळी छापून घेतली. ह्यायनं खळ शिजवली.” सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. “मले वाटे, एकांदा मानूस तरी उघडून पाह्यन. आज तुमी पाह्यलं.”

ते उठले आणि त्यांनी माझ्या दिवाणाची फळी उचलली. आत गोधड्या नव्हत्या. सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते, काठोकाठ. ज्या आवृत्तीसाठी मी गावोगाव फिरलो, तिच्यावर लग्न झाल्यापासून झोपत आलो होतो.

“तिसरी काढाची म्हनतो,” ते म्हणाले. “खळीचं ह्या पाह्यतीन. कव्हरं लावाले तुमी या.”

“येतो,” मी म्हणालो. “पण आधी एक प्रत द्या. वाचायला.”

त्यांनी वरची धूळ झटकून एक प्रत माझ्या हातात ठेवली.

“घ्या. पन या खेपेले अप्रतिम म्हनू नोका. वाचून सांगा.”