उलट्या हाताचं माप

"आदी गार हू द्या," असं म्हणून पंक्चरवाले मामा समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. मी शिकलासवरलेला माणूस, कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं काढलेली. टायर गारच व्हायचाय ना, मग वाट कशाला बघायची? मी गाडीतली पाण्याची बाटली काढली आणि पुढच्या टायरवर रिकामी केली. ते परत आले तेव्हा मी दुसरी बाटली घेऊन मागच्या टायरपाशी उभा होतो.

"साहेब," ते म्हणाले, "आंघोळ झाली आसंल तर टावेल देऊ का त्याला?"

नागापूरला, आमच्या कारखान्याच्या अलीकडच्या वळणावर, लिंबाखाली त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. सगळी एमआयडीसी त्यांना मामा म्हणायची. असा माणूस तुमच्याही रस्त्यावर असेल, पण आमच्या मामांची एक खोड होती. गाडी कुठलीही येवो, ते आधी वाकायचे आणि टायरला उलटा हात लावायचे. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा. टायर गरम लागला की हवेची नळी खुंटीवर तशीच राहायची. घाईतला माणूस कितीही तणतणू दे.

"तापल्यालं मापू न्हाई. खोटं बोलतंय ते."

मामा मूळचे पाथर्डीकडचे. तरुणपणी ऊसतोडीला जायचे. उसाच्या टायरगाडीवर, म्हणजे टायर लावलेल्या बैलगाडीवर, वाजवीपेक्षा जास्त माल चढायचा आणि वाटेत टायर बसला तर पोरंबाळं उसाच्या ढिगाशेजारी रस्त्यावर. तिथं हा हात शिकले. "बैल निदान मान तर हलीवतो," ते सांगायचे. "टायर मुका. त्याला हात लावूनच इचारावं लागतं."

आम्ही छोटी विजेची गाडी घेतली तेव्हा मी भेटेल त्याला भाषण देत होतो. पेट्रोल नाही, ऑइल नाही, गिअर नाही, कटकट नाही. मामांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग गाडीचं दार उघडून चौकटीवर चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर हवेचा आकडा होता, छत्तीस.

"पेट्रोल नसू दे, हवा तर खातीच की. ब्याटरीचं वजान हाय पोटात, हवा कमी पडली की गाडी जड वढती. पंधरा दिसाला येत जावा. सकाळच्या पारी, टायर गार असताना."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात आपण कधी कमी पडलेलो नाही.

गाडी खरं तर घेतली होती काष्टीसाठी. तिथं वस्तीवर हिची आई एकटी असते. पडून कंबर दुखावल्यापासून हिची एकच अट, रविवारी आईकडे जायचंच. बाकी सहा दिवस हिची शाळेतली नोकरी. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, आणि वस्तीवर दिवसा लाईट असली तर दिवाळी. म्हणजे नगरला चार्ज केलेल्यावरच घरी परतायचं. तसे आम्ही परतायचो, पाव बॅटरी शिल्लक ठेवून.

अधूनमधून सासूबाईंना डॉक्टरांकडे नगरला आणावं लागे. प्रत्येक खड्ड्याला मागच्या सीटवरून "आई गं" यायचं. मग कँटीनमध्ये एकानं सल्ला दिला, हवा कमी करा, गाडी गादीसारखी चालते. मी एका पहाटे चावीच्या टोकानं चारही टायरची हवा सोडली. कुणाला बोललो नाही. पुढच्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "जावईबापूंनी आज वाट बदलली का काय? कंबर कशी ती कळली न्हाई!" हिनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात ही तिसरी वेळ. त्या नजरेनं चढून मी अजून थोडी हवा सोडली.

मग बॅटरी पुरेना. एप्रिलातल्या एका रविवारी परतताना अरणगावच्या अलीकडेच काटा तांबडा झाला. एसी बंद केला, काचा खाली केल्या. ही मला पेपरानं वारा घालत होती. मी पुढं वाकून स्टिअरिंगला धरून बसलो होतो, जणू त्यानं गाडीचं वजन कमी होणार होतं.

घरी पोचल्यावर मी निकाल जाहीर केला, "बॅटरी गेली. आता काष्टीला महिन्यातून एकदा."

ही पोळ्या लाटत होती. हातातली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आई रविवारी सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसते." आणि पोळी उलटत, "आधी हवा तरी बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वाटेवर ही सोबतच आली. मामांनी उलटा हात लावला. गार. माप लावलं, बावीस. दुसरा, बावीस. तिसरा, एकवीस. टायरवर बोटं फिरवली. दोन्ही कडा झिजलेल्या, मधलं धड.

"हवा कुनी सोडली?"

"लिक असेल," मी म्हणालो.

मामांनी चारही व्हॉल्व्हना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. "चारी टायर येका तालात लिक व्हत न्हाईत, साहेब."

ही पर्स घेऊन शेजारीच उभी. माझे कान असे तापले होते की मामांनी त्यांनाच हात लावला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग पुन्हा माझ्या कानांकडे.

"उनानं झाली आसंल कमी, ताई," ते नळी उचलत म्हणाले. "यंदा ऊन लई हाय."

पुढच्या रविवारी काष्टीहून परतलो तेव्हा पाव बॅटरी शिल्लक होती.

पावसाळ्यात मामांचा दमा वाढला. मुलगा त्यांना गावी घेऊन गेला. दसऱ्याच्या सुमारास कळलं, मामा गेले. लिंबाला 'हवा' लिहिलेला अर्धा टायर अजून लटकतोय.

आता हवा मीच बघतो. माप विकत घेतलंय. परवाच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उकिडवा बसून टायरला उलटा हात लावला आणि काय झालं कोण जाणे, हात तिथंच राहिला. ही आईचा डबा घेऊन जिना उतरली. मी तसाच बसून सगळं कबूल केलं. हवा मीच सोडली होती, बॅटरीचं खापर उगाच फोडलं, आणि मामांनी मला सांभाळून घेतलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ही म्हणाली. "उन्हानं टायरमधली हवा फुगते, कमी होत नाही. आठवीला दरवर्षी शिकवते मी. पण टायरच्या बाबतीत ते मामा जन्मात एकदाच खोटं बोलले असतील, आणि तेही तुमच्यासाठी. म्हणून मी गप्प बसले. उठा आता. आई खुर्ची टाकून बसली असेल."