आईला विचारून

झरी गावात आमच्या घरी आईला सुई द्यायला दवाखान्यातल्या नर्सबाई एक दिवसाआड एसटीने यायच्या. काचेची सिरिंज आमच्याच स्टोव्हवर उकळून घ्यायच्या. लकव्याने आईची वाचा गेली होती, तरी त्या सगळं तिलाच सांगायच्या. "मावशी, आता कूस बदलायलेय. जरासं दुखंल. करू का?" आईने डोळे मिटले की तो होकार.

एकदा घर पाहुण्यांनी भरलं होतं. बाईंनी विचारलं, पण आईने डोळे उघडेच ठेवले.

"तिला काय कळायलंय? द्या सुई," दादा चिडून म्हणाला.

"अंग त्यांचं हाय, भाऊ." बाईंनी सुई खाली ठेवली, मला तेवढं थांबवून बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावलं. मग पांघरूण जरासं उचलून पाहिलं. आईचं लुगडं ओलं झालं होतं.

बाईंनी तिला कोमट पाण्याने पुसलं, धुतलेलं लुगडं नेसवलं आणि पुन्हा विचारलं. आईने डोळे मिटले, तसं पाणी गालावर ओघळलं.

चार महिने मी तिची सेवा करत होते. तिला लाज वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.